बास्केटबॉलमधल्या पाच पोझिशन: कुणी कुठं उभारायचं आणि करायचं काय

आपल्याकडं टीम कशी बनते बघा. पोरं ओळीत उभी करतात, त्यातला सगळ्यात उंच तो सेंटर, सगळ्यात बुटका तो पॉइंट गार्ड, आणि मधले तिघं "तुमचं तुम्ही बघून घ्या रे". बेळगाव भागात निपाणी घ्या, खानापूर घ्या, चिकोडी घ्या, तालुक्याच्या मॅचला हेच. मग होतंय काय, नववीतला एक पोरगा उंच म्हणून रिंगखाली उभारतो, बॉल हातात आला की दुसऱ्याला द्यायचा एवढंच त्याला शिकवलेलं असतंय, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, येईपर्यंत बाकीची पोरं पण त्याच्याएवढीच वाढतात. आता ह्याला धड ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढं नेणं, येत नाही, लांबून शॉट येत नाही, आणि उंचीचा फायदा तर कधीच संपला. चांगला खेळाडू होऊ शकला असता तो.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढालोय. पोझिशन उंचीवरनं नाही, कामावरनं ठरवायची, आणि कुठलं काम कुणाला जमतंय हे पोरांचा खेळ बघून कळतं, टेप लावून नाही. कबड्डीत कॉर्नर कोण, कव्हर कोण हे ठरलेलं असतंय पण रेडर आत आला की सगळी साखळी एकदम हलते की नाही, तसंच हे. जागा ठरलेली, पण हलायचं दुसऱ्याकडं बघून.

आधी कोर्ट डोक्यात बसवा. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमातलं कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फूट. थ्री पॉइंटची रेघ, जिच्या बाहेरनं मारलं की तीन पॉइंट, रिंगपासनं ६.७५ मीटरवर, पण कोपऱ्यात बाजूची रेघ जवळ येते म्हणून तिथं ती ६.६० मीटरवर पडते, त्यामुळं कोपऱ्यातला थ्री थोडा जवळचा. रिंगसमोरचा आयत म्हणजे पेंट, रुंदी ४.९० मीटर. आपला अटॅक चालू असताना तिथं सलग ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबलात तर बॉल गेला. आपल्या हाफमध्ये बॉल ताब्यात आल्यापासून ८ सेकंदांत मधली रेघ ओलांडायची आणि २४ सेकंदांत शॉट मारायचा, तोही रिंगला लागायला पाहिजे. हे आकडे पाठ करा म्हणून सांगत नाही, पाची जागांची कामं ह्याच रेघांतनं आणि ह्याच सेकंदांतनं निघालेली आहेत. ८ सेकंद आहेत म्हणून बॉल वर नेणारा पाहिजे, ६.७५ ची रेघ आहे म्हणून लांबून मारणारा पाहिजे, ३ सेकंद आहेत म्हणून सेंटरला आत बाहेर करत राहायला पाहिजे. जेम्स नेस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला हा खेळ काढला तेव्हा १३ नियम होते आणि एका बाजूला ९ जण खेळत होते. नियम बदलत गेले तशी कामं बदलत गेली, अजून बदलालेत.

जागांना नंबर आहेत. १ पॉइंट गार्ड, २ शूटिंग गार्ड, ३ स्मॉल फॉरवर्ड, ४ पॉवर फॉरवर्ड, ५ सेंटर. जर्सीवरच्या नंबराशी ह्याचा काही संबंध नाही, हे पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर ५ नंबरची जर्सी मिळाली म्हणून एखादा जाऊन रिंगखाली उभारतो.

आता १ नंबर. ह्याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण आपल्याकडच्या टीमा बहुतेक इथंच हरतात. पॉइंट गार्डचं पहिलं काम बॉल सुखरूप वर नेणं. ऐकायला सोपं आहे पण समोरच्या टीमनं फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे सगळ्या कोर्टभर अंगावर येऊन अडवायला लागले, दोघं अंगावर आले, की पोरगं पाठ करून उभारतं, बॉल पोटाशी धरतं आणि ८ सेकंद तिथंच संपतात. प्रेस लावणारे नेहमी कोपऱ्याकडं ढकलतात, मधली रेघ ओलांडल्या ओलांडल्या जो कोपरा असतो तो सगळ्यात वाईट, तिथं बाजूची रेघ आणि मधली रेघ ह्या दोन्ही त्यांच्याच डिफेंडर झाल्या, कारण मधल्या रेघेच्या मागं पास दिला की बॅककोर्टची चूक आणि बाहेर पाय पडला की बॉल त्यांचा. तर १ नंबरला शिकवायची पहिली गोष्ट म्हणजे मैदानाच्या मधनं बॉल न्यायचा, बाजूनं नाही, आणि दुसरा माणूस अंगावर यायच्या आधी पास द्यायचा, आल्यावर नाही.

ह्याच्यासाठी मान वर पाहिजे. साधी प्रॅक्टिस सांगतो. पोरगा ड्रिबल करत पुढं येतोय, तुम्ही समोर उभारा आणि बोटं दाखवा, दोन, चार, एक, त्यानं मोठ्यानं आकडा सांगायचा. चुकला की परत मागनं सुरू. आधी उजव्या हातानं, मग डाव्या हातानं, मग प्रत्येक दोन पावलांना हात बदलत. डावा हात आपल्या पोरांचा एकदम कच्चा असतो आणि समोरचा चांगला डिफेंडर दोन मिनिटांत ते ओळखतो आणि मग सगळी मॅच तुम्हाला डावीकडंच ढकलत राहतो.

दुसरं काम म्हणजे कोण कुठं आहे हे माहीत असणं. चांगल्या पॉइंट गार्डला मॅचमध्ये मधेच थांबवून विचारलं की तुझा २ नंबर कुठं आहे तर न बघता सांगता यायला पाहिजे. जॉन स्टॉकटन १९ सीझन युटाकडनं खेळला आणि त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट, म्हणजे ज्यावर बास्केट झाला असे पास, आहेत, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, अजून कुणी तिथवर पोचलेला नाही, आणि तो दिसायला अगदी साधा, उड्या नाहीत की काही नाही. उंचीचं म्हणाल तर मगसी बोग्स फक्त १.६० मीटरचा होता आणि मॅजिक जॉन्सन २.०६ मीटरचा, दोघंही पॉइंट गार्ड. १९८० च्या फायनलच्या सहाव्या मॅचला त्याच्या टीमचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार दुखापतीनं बाहेर होता तेव्हा हाच मॅजिक सेंटरच्या जागी जंप बॉलला, म्हणजे मॅच सुरू करताना वर टाकलेल्या बॉलला, उभारला आणि ४२ पॉइंट, १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), ७ असिस्ट करून मॅच काढली. पहिल्याच सीझनला. लहानपणी त्याला कुणी उंच म्हणून नुसतं रिंगखाली डांबून ठेवलं असतं तर?

तिसरं काम बोलायचं. हे आपल्याकडं कुणी शिकवतच नाही. बेळगावातल्या टीममध्ये मराठी पोरं असतात, कन्नड असतात, उर्दू बोलणारी असतात, प्रॅक्टिसला सगळं मिसळून चालतं पण मॅचला आरडाओरडा चालू झाला की एक ओरडतो "दे दे", दुसरा "कोडु कोडु", आणि बॉल जातो तिसरीकडंच. म्हणून हाका आधी ठरवून घ्या, छोट्या आणि सगळ्यांच्या एकच. स्क्रीन, म्हणजे आपली वाट अडवून उभारलेला समोरचा माणूस, आली तर "डावी" का "एडगडे" हे एकदा ठरवा आणि तेच ठेवा. प्लेसाठी, म्हणजे ठरवलेल्या चालीसाठी, बोटं वापरा, मूठ म्हणजे एक प्ले, दोन बोटं म्हणजे दुसरा. आणि तालुक्याच्या मॅचला बऱ्याच ठिकाणी २४ सेकंदांचं घड्याळ लावलेलं नसतंय, तेव्हा किती वेळ गेला हे मनात मोजायचं काम पण १ नंबरचंच.

२ नंबर, शूटिंग गार्ड. लोकांना वाटतं बॉल घेऊन ढँढँ ड्रिबल करत पाच जणांतनं जाणारा तो शूटिंग गार्ड. उलटं आहे. ह्याचं निम्मं काम बॉल हातात नसताना होतं. क्ले थॉम्सननं डिसेंबर २०१६ मध्ये इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० पॉइंट केले आणि त्या सगळ्यात त्यानं ड्रिबल केले ११. अकरा फक्त! म्हणजे पळायचं, स्क्रीनच्या मागनं निघायचं, बॉल येतानाच पाय रिंगकडं झालेले, गुडघे वाकलेले, हात तयार, आला की मारला. आपल्या पोराला पास आल्यावर तो आधी एक ड्रिबल मारतो, मग बघतो, मग पाय लावतो, तोवर डिफेंडर आला तोंडावर. तो सवयीचा पहिला ड्रिबल काढून टाका. प्रॅक्टिसला असा नियम लावा की २ नंबरनं पास घेतल्यावर शॉट किंवा पास, ड्रिबल बंद, आठवडाभर.

हिशोब पण समजावून सांगा पोरांना. १०० थ्री मारले त्यातले ३४ गेले तर १०२ पॉइंट, १०० टू मारले त्यातले ५० गेले तर १००. तेव्हा तीनातला एक थ्री जाणारा पोरगा तुमच्याकडं असेल तर तो निम्मे टू घालणाऱ्याच्या तोडीचा आहे. पण तीनातला एक म्हणजे मॅचमध्ये, दमलेला असताना, एकट्यानं सकाळी मारताना नाही. आणि आपल्याकडं उघड्यावरची कोर्टं, वारं असतंय, नेट नसलेल्या रिंगा असतात, काही ठिकाणी बोर्ड लोखंडी आणि तो पण हलतोय, तर दुसऱ्याच्या मैदानात गेलात की २ नंबरला वॉर्मअपमध्येच बोर्डवर मारून बघायला सांगा, बॉल बोर्डवरनं किती उडतोय का तिथंच मरतोय ते. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी करत नाही.

३ नंबरचं थोडक्यात सांगतो. स्मॉल फॉरवर्ड म्हणजे जे काम पडेल ते. समोरच्याचा सगळ्यात भारी माणूस ह्यानं धरायचा, मग तो गार्ड असो नाहीतर फॉरवर्ड. १९९१ च्या फायनलला शिकागोनं मॅजिक जॉन्सनच्या अंगावर स्कॉटी पिपेनला सोडलं होतं, तेच हे काम. फास्ट ब्रेकला, म्हणजे बॉल मिळाल्या मिळाल्या पळून अटॅक करताना, बाजूच्या रेघेजवळनं सरळ पळायचं, मधे घुसायचं नाही, कारण मधे बॉल आहे. पेंटमध्ये शिरून फाऊल काढायचा. टीममध्ये एखादा पोरगा असतो बघा, कशातच एक नंबर नाही पण कशातच कच्चा नाही, दमत नाही, कुरकुर करत नाही, त्याला ३ द्या आणि विसरून जा.

४ नंबरला, म्हणजे पॉवर फॉरवर्डला, आपल्याकडं सगळे 'दुसरा सेंटर' समजतात आणि दोघंही एकाच खांबाजवळ जाऊन एकमेकाच्या पायात येतात. मग पेंटमध्ये आपली दोन, त्यांची दोन, १ नंबरला आत घुसायला जागाच नाही. ५ नंबर रिंगजवळ असेल तर ४ नंबर फ्री थ्रोच्या (फाऊलनंतर मोकळा शॉट मारायच्या) रेघेजवळ किंवा कोपऱ्यात पाहिजे, ५ बाहेर आला की ४ आत, असं पाळण्यासारखं चालू राहिलं पाहिजे.

पण ह्याचं खरं काम रिबाउंड आणि इथं एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार. शॉट सुटला की आपली पोरं काय करतात, मान वर करून बॉलकडं बघत उभारतात. चुकीचं. शॉट सुटला की आधी आपला माणूस शोधायचा, बॉल नाही. त्याच्याकडं वळायचं, एक हाताची कोपरापासनं मनगटापर्यंतची बाजू त्याच्या छातीवर टेकवायची, मग पाय फिरवून पाठ त्याच्याकडं करायची, बूड खाली, गुडघे वाकलेले, आणि आपल्या बुडानं त्याच्या मांड्या मागं रेटून धरायच्या. हात वर, कोपर बाहेर, पण धरायचं नाही. आता बॉल बघायचा. ह्याला बॉक्स आउट म्हणतात आणि हे जमलं की दोन इंच बुटका माणूस पण रिबाउंड काढतो. डेनिस रॉडमन २.०१ मीटरचा, त्या हिशोबानं बुटकाच, आणि सलग ७ सीझन रिबाउंडमध्ये एनबीएत पहिला. शॉट कुठनं मारला हे पण बघायचं, कोपऱ्यातनं मारलेला शॉट चुकला की बहुतेकदा पलीकडच्या बाजूला पडतो, म्हणजे ४ नंबरनं शॉटच्या उलट्या बाजूला जागा धरायची.

येळ्ळूर, कंग्राळी अशा गावांतनं येणारी, कुस्तीचा नाद असलेली पोरं ह्या कामाला लई भारी. कंबर खाली ठेवायची त्यांना सांगावी लागत नाही, अंगाला अंग लागलं की घाबरत नाहीत. फक्त हात धरायची सवय मोडावी लागते, नाहीतर पहिल्या क्वार्टरलाच तीन फाऊल. शॉट येत असलेला ४ नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं, डर्क नोविट्स्की २.१३ मीटरचा माणूस, बाहेर उभारून शॉट मारायचा, समोरच्या उंच डिफेंडरला रिंग सोडून बाहेर यावं लागायचं, आणि २०११ ला डॅलसनं चॅम्पियनशिप घेतली.

आता ५ नंबर, सेंटर. २०१५ ला पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग ५२ व्या नंबरवर डॅलसनं घेतला, भारतातला पहिलाच खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा नवे खेळाडू निवडतात तिथं, निवडला गेलेला, सात फुटांच्या वर उंची, आणि तेव्हापासनं आपल्याकडं उंच पोरगा दिसला की सगळ्यांच्या डोळ्यांत चमक. चांगलंच आहे. पण उंच पोराला द्यायचं काय शिकवून, तो प्रश्न आहे.

डिफेन्स आधी. सेंटर सगळ्यांच्या मागं असतो म्हणजे त्याला सगळं दिसतं, म्हणून डिफेन्समध्ये बोलायचं काम ह्याचं. "स्क्रीन उजवी", "कटर आला" (रिंगकडं पळत घुसणारा), "मी आहे मागं". मुका सेंटर म्हणजे चार जणांना मागचं काहीच कळत नाही. ब्लॉक करायला उडी मारायची हौस सगळ्यांना असते, पण नियम असा की तुम्ही आपल्या जागेवर सरळ वर हात करून सरळ वरच उडालात आणि समोरचा येऊन धडकला तर फाऊल तुमचा नाही. हात खाली आणला की झाला फाऊल. त्यामुळं दहातली आठ वेळा नुसते हात वर करून उभारलं तरी काम होतं. बिल रसेलनं १३ सीझनमध्ये ११ चॅम्पियनशिप घेतल्या आणि त्याचा ब्लॉक बॉल बाहेर भिरकावणारा नसायचा, आपल्याच माणसाकडं टोलवणारा असायचा.

टीव्हीवर एनबीए बघून येणाऱ्या पोरांचा एक गोंधळ इथं सोडवून टाका. एनबीएत डिफेन्सच्या माणसाला पण पेंटमध्ये ३ सेकंदांचा नियम आहे, फिबात नाही. आपण फिबाच्या नियमानं खेळतो, म्हणजे डिफेन्स करताना तुमचा सेंटर पेंटमध्ये खुशाल उभारू शकतो. दुसरं, शॉट खाली यायला लागल्यावर रिंगच्या वरच्या उंचीवर हात लावला की गोलटेंडिंगची चूक, पण फिबात एकदा बॉल रिंगला लागून उडाला की तो टोलवता येतो, रिंगच्या वर असला तरी. आपल्या वयाच्या पोरांत तेवढी उडी कमी जणांची, पण ज्याची आहे त्याला माहीत पाहिजे.

अटॅकमध्ये सेंटरला तीन गोष्टी द्या. रिंगला पाठ करून पास घेणं आणि दोन्ही बाजूंनी वळून मारणं, ही पहिली. पास, ही दुसरी. निकोला योकिच २०१४ ला ४१ व्या नंबरवर निवडला गेला होता, उडी साधारण, पळणं साधारण, पण सेंटर असून पास असा की सगळा अटॅक त्याच्याच हातातनं चालतो, तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि २०२३ ला डेन्व्हरला चॅम्पियन केलं. उंच माणूस दोघांच्या डोक्यावरनं बघू शकतो, मग त्याला पास का शिकवत नाही आपण? आणि तिसरी गोष्ट स्क्रीन.

स्क्रीनवर चालणारा प्ले म्हणजे पिक अँड रोल, तो जवळनं बघू, कारण पाची जागा एकमेकाला कशा जोडलेल्या आहेत ते ह्या एका प्लेमध्ये दिसतं. १ नंबर वर बॉल घेऊन उभा. ५ नंबर पळत येतो आणि १ नंबरच्या डिफेंडरच्या बाजूला, खांद्यापेक्षा थोडे जास्त पाय फाकवून थांबतो, हात छातीशी. थांबला की थांबला. हलला आणि धक्का लागला तर फाऊल त्याचाच. १ नंबरनं घाई करायची नाही, तो पूर्ण थांबू दे, मग त्याच्या कंबरेला आपला खांदा घासेल एवढ्या जवळनं जायचं. मधे फट राहिली तर डिफेंडर तिथनंच शिरणार. आता ५ नंबरचा डिफेंडर १ नंबरवर धावून आला तर ५ नंबरनं लगेच रिंगकडं वळायचं, हात दाखवायचा, बाउन्स पास, लेअप (रिंगजवळ पळत येऊन टाकलेला शॉट). तो आला नाही, मागं सरकला, तर १ नंबरनं तिथनंच शॉट. आणि दोघांना थोपवायला कोपऱ्यातला तिसरा माणूस आत आला तर कोपऱ्यात २ नंबर एकटाच आहे, थ्री. ३ नंबर दुसऱ्या कोपऱ्यात उभारून आपला डिफेंडर अडकवून ठेवतो, ४ नंबर शॉट सुटायच्या आधीच बॉक्स आउटची जागा बघून ठेवतो. म्हणजे बॉल दोघांच्याच हातात, पण काम पाची जणांना. स्टॉकटन आणि कार्ल मलोन ह्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, फक्त स्क्रीन द्यायला त्यांचा ४ नंबर यायचा, समोरच्यांना काय येणार ते माहीत असायचं आणि तरी थांबवता यायचं नाही.

डिफेन्सला आपल्याकडं सगळे २-३ झोन लावतात, म्हणजे माणूस नाही, जागा राखायची, त्यात १ आणि २ वर, खाली बाजूला ३ आणि ४, मधे ५. दमणूक कमी म्हणून सगळ्यांना आवडतो. ह्याच्या विरुद्ध खेळायचं असेल तर फ्री थ्रोच्या रेघेवर आपला ४ नंबर नेऊन उभा करा, तिथं झोनला भोक असतं, बॉल तिथं पोचला की मधला ५ पुढं येऊ का मागं राहू ह्यातच अडकतो, आणि तेवढ्यात कोपरा मोकळा. पण त्या ४ नंबरला बॉल घेऊन वळता यायला पाहिजे आणि बघता यायला पाहिजे, परत तेच, उंच माणसाला पास शिकवा.

समोरच्यांनी बास्केट केला की बॉल बाहेरनं आत कुणी द्यायचा हे पण ठरवा. सहसा ४ नंबर देतो. ५ नंबरला पुढं पळू द्यायचं, १ नंबरला पास घ्यायला मोकळं ठेवायचं. बास्केट झाल्यावर देणाऱ्याला मागच्या रेघेच्या बाहेर इकडं तिकडं सरकता येतं, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं, खिळल्यागत एकाच जागी उभारतात आणि ५ सेकंद संपवतात. फ्री थ्रोला पेंटच्या दोन्ही बाजूंना मिळून जास्तीत जास्त पाच जण, तीन डिफेन्सचे आणि दोन शॉट मारणाऱ्या टीमचे, रिंगजवळच्या दोन्ही जागा डिफेन्सच्या. तिथं तुमचे ४ आणि ५ पाहिजेत, गप्पा मारत पोचलेला २ नंबर नाही.

आता जागा वाटायच्या कशा. पहिले दोन आठवडे कुणालाच जागा देऊ नका, पोरं भांडली तरी. तीन तीन जणांच्या छोट्या मॅच लावा, अर्ध्या कोर्टवर, आणि कडेला उभारून बघा. बॉल सुटला की खाली झोपणारा कोण. पास दिल्यावर उभारून न राहता पळणारा कोण. दुसऱ्याची चूक झाल्यावर ओरडणारा कोण आणि नुसता "परत ये" म्हणून हात दाखवणारा कोण, हा दुसरा तुमचा १ नंबर असायची शक्यता जास्त. दमल्यावर पण ज्याच्या शॉटची स्टाईल बदलत नाही तो २. अंगाला अंग लागल्यावर मागं सरतो त्याला उंच असला तरी ४ आणि ५ लगेच देऊ नका, बाहेरनं खेळू द्या, अंग भरल्यावर बघू. मुलींच्या टीमला पण हेच सगळं, फक्त बॉल ६ नंबरचा, मुलांचा ७ नंबरचा, आणि मुलींना प्रॅक्टिसला ७ नंबर देऊन मॅचला ६ दिला की शॉट लांब जायला लागतात, तेवढं टाळा. आपल्या भागात बऱ्याच शाळांतल्या मुली खो-खोतनं बास्केटबॉलला येतात, दिशा बदलायचा वेग त्यांचा आधीच तयार असतो, गार्डला सोन्यासारख्या.

१७-१८ वर्षांचे होईपर्यंत सगळ्यांना सगळं शिकवा हे तर आहेच, ड्रिबल, दोन्ही हातांनी लेअप, पास, बॉक्स आउट. मोठ्या पातळीवर आता जागा पुसट झाल्यात. २०१५ च्या फायनलला गोल्डन स्टेटनं चौथ्या मॅचला सेंटर अँड्र्यू बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीला खेळवलं, १.९८ मीटरचा ड्रेमंड ग्रीन सेंटरचं काम करायला लागला, सगळी टीम बुटकी पण पाची जण पास देणारे आणि पळणारे, आणि तिथनं सलग तीन मॅच जिंकून चॅम्पियन. हे बघून उद्याच तुमचा सेंटर बसवू नका म्हणजे झालं, ग्रीनला त्या उंचीवर सेंटर धरता येतो तो डोक्यामुळं आणि ताकदीमुळं.

थ्री बाय थ्री खेळणार असाल, आता ऑलिम्पिकमध्ये पण आहे टोकियोपासनं, तर तिथं पाच जागाच नाहीत. अर्धं कोर्ट, १० मिनिटं किंवा २१ पॉइंट, शॉट क्लॉक १२ सेकंद. प्रत्येकाला प्रत्येक माणूस धरावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडं उघडी कोर्टं शेवाळून घसरडी होतात, तेव्हा कुठं छपराखाली अर्धी जागा मिळाली तर हाच खेळ खेळा, उंच पोरांना ड्रिबल शिकवायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही.

शेवटचं, बदली. फिबात एका खेळाडूला ५ फाऊल झाले की बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये टीमचे ४ फाऊल झाले की पुढच्यापासनं समोरच्यांना दोन फ्री थ्रो. सेंटरला पहिल्या क्वार्टरला दोन फाऊल झाले तर लगेच बसवा, तो कितीही म्हणाला "सर, मी सांभाळून खेळतो" तरी. आणि आपल्याकडं परीक्षा, घरातलं लग्न, गावची जत्रा, काहीतरी असतंयच, ऐन मॅचला एक जण गायब. म्हणून प्रत्येकाला शेजारची एक जागा यायला पाहिजे, १ ला २ ची, ३ ला ४ ची, ४ ला ५ ची. मॅचच्या आदल्या दिवशी कागदावर पाच जागा लिहा, प्रत्येक जागेपुढं दोन नावं, आणि ५ नंबरपुढं तीन, कारण फाऊल तिथंच जास्त लागतात.